पगार गेला, दंड भरला, पण दवाखाना चालूच ठेवला : र. धों. कर्वे यांची गोष्ट

एसटी स्टँडच्या मागची भिंत, पुलाचा कठडा, आठवडी बाजाराचं तोंड. तालुका कुठलाही असो, एक जाहिरात हमखास दिसते. गुप्तरोग, कमजोरी, मूल न होणं, सगळ्यावर खात्रीशीर इलाज, आणि खाली मोबाईल नंबर. त्या दुखण्यांवर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात मोफत तपासणी होते, हे गावात पुष्कळांना माहीतच नसतं. माहीत असलं तरी केसपेपरच्या खिडकीवर नेमकं काय सांगायचं, या लाजेने माणूस मागे फिरतो.

ही लाज आणि हा खर्च, या दोन्हींशी एक मराठी माणूस बत्तीस वर्षं भांडला. नाव रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र त्यांनी 1921 मध्ये मुंबईत सुरू केलं. भारतातलं ते पहिलं मानलं जातं. त्यासाठी सरकारची दमडी मिळाली नाही, कुणी शेठजी पाठीशी उभा राहिला नाही. खर्च स्वतःच्या खिशातून आणि बायकोच्या कमाईतून.

मुरुडचा मुलगा

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, मुरुडचा. हे मुरुड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं. जंजिऱ्याचं नव्हे आणि लातूरजवळचंही नव्हे. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजेच पुढे भारतरत्न झालेले महर्षी कर्वे. आई राधाबाई 1891 मध्ये वारल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

दोन वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं ते गोदूबाई या विधवा बाईंशी. त्या काळात विधवेशी लग्न म्हणजे केवढा गहजब! मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. पंगतीला बोलावणं बंद, घरी येणं-जाणं बंद. दहा-अकरा वर्षांच्या पोराने हे सगळं बघितलं. लोक काय म्हणतील याची भीती या घरातून तेव्हाच गेली असावी.

पोरगा मात्र अभ्यासात भारी हुशार. 1899 साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. त्या काळी मुंबई इलाख्यात मॅट्रिकला पहिलं येणं म्हणजे पुढच्या आयुष्याची काळजी मिटली असंच लोक धरून चालत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण झालं, विषय गणित. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. मधल्या काळात गणिताच्याच अभ्यासासाठी फ्रान्सला जाऊन आले. परत आले ते गणिताबरोबर आणखी एक विषय डोक्यात पक्का करून.

तो विषय म्हणजे बाईचं शरीर, पुरुषाचं शरीर आणि त्यांना होणारी मुलं. लागोपाठच्या बाळंतपणांनी बायका खंगत होत्या, कित्येक जणी मरत होत्या. पुरुष बाहेरून रोग घेऊन यायचे आणि घरात बायकोला द्यायचे. मूल नको असेल तर काय करायचं, रोग झाला तर कुठे जायचं, याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं. देवाची इच्छा एवढं म्हणून विषय संपायचा. गणिताच्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं.

1921 : घरातून चाललेलं काम

लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी आपलं गाजलेलं केंद्र उघडलं ते साल 1921. त्याच साली कर्व्यांनी मुंबईत काम सुरू केलं. लंडनचं नाव जगभर झालं. मुंबईचं केंद्र नवरा-बायको मिळून चालवत होते. सल्ला देणं, परदेशातून साधनं मागवणं, ती गरजूंना पुरवणं. साधनं आणि पुस्तकं विकण्यासाठी त्यांनी राइट एजन्सी नावाने छोटा व्यवहार चालवला.

इथे पत्नी मालतीबाईंचं नाव घेतलंच पाहिजे. पुष्कळदा त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. या दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. शंभर वर्षांपूर्वी मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवात काय ऐकावं लागत असेल ते गावातल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको. मालतीबाईंनी ते सोसलं. वर नोकरी करून घरही चालवलं, कारण नवऱ्याचा पगार फार दिवस टिकणार नव्हता.

1923 मध्ये कर्व्यांची संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तकं आली. नावात आडपडदा नाही, आत तर नाहीच. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. तिथल्या चालकांना आपल्या प्राध्यापकाचं हे काम रुचलं नाही. काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला. 1925 च्या सुमारास कर्व्यांनी नोकरी सोडली. त्या दिवसापासून घरात पैशाची ओढाताण सुरू झाली, ती शेवटपर्यंत संपली नाही.

बाप-लेकाची इथे तुलना केल्याशिवाय राहवत नाही. वडिलांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झोळी फिरवली. कुणी रुपया दिला, कुणी दहा, आणि सर विठ्ठलदास ठाकरसींनी तर 1920 मध्ये महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. मुलाचं कामही बायकांसाठीच होतं. पण मुलीला शाळेत घालायला देणगी देणारा माणूसही गर्भ राहू न देण्याच्या कामाला पैसे देऊन आपलं नाव त्या यादीत छापून घ्यायला तयार होत नसे. अशा कामाला लोकवर्गणी जमत नाही. ते करायचं तर सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवं.

आणि ते होऊ शकत होतं! ज्या इंग्रजांचं इथे राज्य होतं, त्यांनी आपल्या देशात पहिल्या महायुद्धाच्या काळातच नियम केला होता. गुप्तरोगाची तपासणी आणि औषध फुकट, नाव बाहेर फुटणार नाही, आणि खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा केंद्र सरकारचा, उरलेला स्थानिक कौन्सिलचा. इथल्या खेड्यांना तसली सोय त्यांनी दिली नाही. उलट आपल्याच शेजारच्या म्हैसूर संस्थानाने 1930 मध्ये सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाचा सल्ला सुरू केला. जगातलं असं पहिलं सरकारी पाऊल म्हणून ते ओळखलं जातं. म्हणजे राजाच्या खजिन्यातून जे होऊ शकलं, ते मुंबई इलाख्यात एक बेकार झालेला प्राध्यापक पदरमोड करून करत होता.

मासिक आणि कोर्टकचेरी

जुलै 1927 मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. लेख लिहायचे तेच, तपासायचे तेच, पाठवायची धावपळही त्यांचीच. मासिक तोट्यातच चाललं. मुखपृष्ठावर उघड्या शरीराचं चित्र असे, त्यावरून ओरड व्हायची. लोक मासिक लपवून वाचायचे आणि चारचौघांत शिव्या द्यायचे. आज मोबाईलची स्क्रीन झाकून जे वाचलं जातं, त्याचीच ही जुनी तऱ्हा.

मासिकाचा जीव होता वाचकांच्या प्रश्नांत. डॉक्टरला विचारता येत नाही, वडिलांना तर नाहीच, बायकोला नवऱ्याला विचारता येत नाही, असे प्रश्न लोक पत्राने विचारत. हस्तमैथुनाने माणूस खंगतो का? समलिंगी ओढ हा रोग आहे का? कर्वे सरळ मराठीत, जे शास्त्राला ठाऊक होतं तेवढं सांगत. ही उत्तरं म्हणजेच एक दवाखाना होता असं म्हटलं तर चुकणार नाही. फरक एवढाच, की पोस्टाच्या तिकिटावर चालणारा.

सनातनी मंडळींना हे झोंबलं. 1931 मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखासाठी खटला झाला. कोर्टाने अश्लील ठरवून शंभर रुपये दंड केला. वर अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. 1934 मध्ये पुन्हा खटला. या वेळी निमित्त वाचकांना दिलेल्या उत्तरांचंच होतं. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदा गाजवून आलेले, देशभर नाव झालेले. अशा बदनाम खटल्यात पडायची त्यांना काय गरज होती, असं कुणालाही वाटेल. पण त्यांची भूमिका स्वच्छ होती. मासिक लैंगिक प्रश्नांना वाहिलेलं आहे, वाचक प्रश्न त्याच विषयाचे विचारणार, आणि उत्तर द्यायचंच नसेल तर मासिक काढण्यात अर्थ नाही. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे आपोआप अश्लील झालं, हे त्यांना मान्य नव्हतं. परदेशातल्या संशोधकांचे दाखले त्यांनी कोर्टापुढे ठेवले. कोर्टाला ते पटले नाहीत. दंड दोनशे रुपये.

पगार नाही, मासिक तोट्यात, वर दंड. त्याच 1934 मध्ये कर्व्यांचं 'आधुनिक कामशास्त्र' हे पुस्तकही बाहेर पडलं.

विरोध नुसता सनातन्यांचाच होता असं नाही. महात्मा गांधींचाही संततिनियमनाच्या साधनांना विरोध होता, त्यांचा मार्ग संयमाचा. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर 1935 च्या डिसेंबरात थेट वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी गांधीजींचं मत बदललं नाही. कर्व्यांनी ब्रह्मचर्याच्या या कल्पनेवर कडक टीका केली. गांधीजींच्या शब्दावर देश चालत होता त्या दिवसांत अशी टीका करणं म्हणजे उरलेसुरले मित्रही गमावणं.

नगरच्या आमदाराचा ठराव

आता 1938 ची गोष्ट. ग्रामीण भागातल्या वाचकाने ती माहीत करून घ्यायलाच हवी, कारण सरकारी पैशाचा प्रश्न तेव्हा विधानसभेत उघडपणे आला होता. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे, नगर जिल्ह्यातून आलेले आमदार पी. जे. रोहम यांनी 10 नोव्हेंबरला ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि लोकांना त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी मागणी. ठरावामागे बाबासाहेबांचं सविस्तर भाषण होतं. गरिबाच्या घरात जास्त मुलं म्हणजे कर्ज, उपासमार आणि बाईच्या जिवाची धूळधाण. बाईला नको असेल तेव्हा गर्भ टाळता आला पाहिजे, ही त्यातली मुख्य गोष्ट.

सभागृहात ठराव मोठ्या फरकाने पडला. राज्य बाळासाहेब खेरांचं, म्हणजे आपल्याच निवडून दिलेल्या माणसांचं होतं. त्यामुळे दोष इंग्रजांवर ढकलता येत नाही. त्या दिवशी ठराव मंजूर झाला असता, तर तालुक्याच्या दवाखान्यात या कामासाठी बजेटात एक ओळ तरी आली असती.

कर्व्यांच्या कामाची मर्यादाही इथेच दिसते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचं मासिक वाचायचं तर वाचता यायला हवं, वर्गणी परवडायला हवी. साधनं परदेशी, महाग. शेतावर राबणाऱ्या बाईपर्यंत ती पोचणार कशी? एका माणसाच्या खिशाला जेवढं जमतं तेवढंच झालं. दोष त्यांचा नाही. पण खेड्यातल्या बाईला या कामातून हाती काय लागलं, तर फार थोडं.

पैसा आला, पण कसा

देश स्वतंत्र झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी 65 लाख रुपये ठेवले गेले आणि 1952 मध्ये असा राष्ट्रीय कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश ठरला. तीस वर्षं एकट्याने बोंब मारणाऱ्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा. पण सरकारी पैसा आधी कुठे गेला? आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या विचारांच्या. त्यामुळे भर दिला गेला तो महिन्यातले ठरावीक दिवस टाळण्याच्या पद्धतीवर. म्हैसूर राज्यातल्या रामनगरम भागात बायकांना रंगीत मण्यांच्या माळा वाटल्या गेल्या, रोज एक मणी सरकवायचा आणि दिवस मोजायचे. कुणी मणी सरकवायला विसरलं, कुणाला माळ घालायची लाज वाटली. प्रयोग फसला. योजनेतले 65 लाखही पुरते खर्च झाले नाहीत.

ज्या साधनांबद्दल कर्वे 1921 पासून सांगत होते ती सोडून माळा! नोव्हेंबर 1952 मध्ये त्यांच्याच मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अकरा महिन्यांनी, 14 ऑक्टोबर 1953 ला, कर्वे गेले. नोव्हेंबर 1953 चा 'समाजस्वास्थ्य'चा अंक शेवटचा. चालवायला दुसरं कुणी नव्हतं.

त्यांच्या प्रेरणेने काम उभं केलं ते शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांच्या या लेकीने 1938 पासून पुण्यात संततिनियमनाचं काम केलं, पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेतही गेल्या.

सरकारी पैसा नंतर वाढत गेला. 1968 मध्ये निरोध आला, सरकारने किंमत पाडून पंधरा पैशाला तीन दिले. हे कर्व्यांच्या मनासारखं झालं असं म्हणता येईल. पण त्याच पैशाच्या मागोमाग टार्गेट आलं. किती बायका वाचल्या हे कुणी विचारेना, किती ऑपरेशनं झाली हे विचारू लागले. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो कायदा अमलात आला नाही. कर्व्यांचं सगळं म्हणणं उभं होतं ते माणसाच्या, त्यातही बाईच्या, मर्जीवर. पैसा आला आणि मर्जी गेली, असं काहीसं झालं.

त्या धसक्याने गावचा पुरुष ऑपरेशनच्या टेबलापासून जो पळाला तो अजून परत आलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या निम्म्याच्या आसपास बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरी घरात विषय निघाला की सासू सुनेकडेच बघते, आणि नवरा मोबाईलमध्ये.

सोयी आज आहेत, त्या सरकारी पैशावर चालतात. आशाताईंकडे निरोध आणि गोळ्या मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी बसवून मिळते, अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घेता येतं. जिल्हा रुग्णालयात आणि काही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक नावाची खोली असते, तिथे गुप्तरोगाची तपासणी आणि औषध मोफत. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहे. एचआयव्हीची तपासणीही मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. फोनवरच विचारायचं असेल तर 1097 हा टोल फ्री नंबर आहे. भिंतीवरच्या नंबरासारखा तो रंगवलेला कुठे दिसत नाही, म्हणून इथे दिला.